०.३ मिलिमीटरचा बिट आणि तुरटी

गेल्या पावसाळ्यात मी लोंढा-मिरज मार्गावर पूर्वी धावणाऱ्या मीटर गेज गाडीचा एक डबा १:८७ या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान मॉडेल म्हणून, करायला घेतला. त्याच्या बाजू पितळी पत्र्याच्या आहेत. दाराशेजारच्या दांड्यांची खरी जाडी २५ मिलिमीटर धरली, तर या प्रमाणात ती जेमतेम ०.३ मिलिमीटर भरते, आणि चार दारांच्या दांड्या बसवायला तेवढ्याच बारीक १६ छिद्रांची गरज असते. अकराव्या छिद्रात ड्रिलचा बिट मोडला आणि तुकडा पत्र्यातच रुतून बसला. घरात दुसरा बिट नव्हता.

दुसऱ्या दिवशी बेळगावच्या खडे बाजारात तीन दुकाने पालथी घातली. एक मिलिमीटरपर्यंतचे बिट होते, त्याखालचे विचारल्यावर एका दुकानदाराने मान वरही न करता सांगितले, "एवढं बारीक नाही येत बघा." शेवटी ते ऑनलाइन मागवले, आणि काम नऊ दिवस पडून राहिले.

त्या नऊ दिवसांत रुतलेला तुकडा काढण्यासाठी घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांची जुनी युक्ती वापरली. तुरटीच्या दाट, गरम पाण्यात पोलाद हळूहळू विरघळते, पितळ मात्र शाबूत राहते. पत्रा काचेच्या बरणीत बुडवून ती बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली आणि पाणी निवले की बदलत राहिलो. तुकड्यावर बारीक बुडबुडे येत राहिले. दुसऱ्या दिवशी टाचणीने टोचल्यावर त्याचा काळा गाळ होऊन छिद्र मोकळे झाले.

तेव्हापासून ०.३ आणि ०.५ मिलिमीटरचे प्रत्येकी दहा बिट मी एकदमच घेतो. ते शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून झाकणाच्या डबीत ठेवतो, कारण आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात उघड्यावरच्या बिटावर आठवड्याभरात गंज चढतो. पिन व्हाइसही (बारीक बिट धरून बोटांनी फिरवायचे हत्यार) दोन झाले आहेत, पण दुसरा राखीव नव्हे: बिट बदलताना तो मोडण्याची भीती असते, म्हणून दोन्ही जाडीचे बिट कायमचे बसवलेलेच बरे. बिट चकमधून, म्हणजे त्याला पकडणाऱ्या जबड्यातून, जितका कमी बाहेर ठेवावा, तितका तो कमी लवतो आणि जास्त टिकतो.

कटरची पाती तर डझनाने हवीत. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि तो जोर शेवटी बोटावर येतो. चिमटा मात्र एकच जादा पुरतो. माझा पहिला शहाबादी फरशीवर टोकावर पडला, तेव्हापासून त्याची टोके जुळत नाहीत, म्हणून आता तो फक्त डिंक लावायला आहे. कानशींचे जादा संच घेण्याचा उत्साह मात्र मला पटत नाही. पितळ आणि प्लॅस्टिकवर त्या वर्षानुवर्षे झिजत नाहीत.

डबीत आज ०.३ चे चारच बिट उरले आहेत आणि दुसऱ्या डब्याचा पत्रा कापून तयार आहे, म्हणून मागणी आजच नोंदवली.