भोकाचा पैसा

'तुम्हाला असल्या गोष्टींची आवड आहे, तर त्या काळातलं जरा बघून द्या ना,' असं नाटक बसवणारे सर म्हणाले आणि मी विचार न करता हो म्हटलं. गॅदरिंगला सातवी-आठवीची मुलं संगीत नाटक करणार होती. ऑगस्ट १९४२, गिरगावातली चाळ. मला वाटलं, दोन दुपारी पुरतील.

मोठ्या गोष्टींना तेवढाही वेळ लागला नाही. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर काय झालं, ९ तारखेला पहाटे कुणाकुणाला धरून नेलं, सगळं लिहून ठेवलेलं आहे. लिहिलेलं नाही ते हे, की पडदा उघडतो तेव्हा गॅलरीत बसलेल्या बाईच्या हातात काय आहे. गाणं चार कडव्यांचं, तेवढा वेळ तिनं करायचं काय? गहू निवडायचे, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. जुना काळ दाखवायचा म्हटलं की आपल्याकडे गहू निवडणारी बाई बसवतातच. मी म्हटलं, निदान तांदूळ तरी निवडू दे, घर कोकणातल्या माणसांचं आहे. सर म्हणाले, मागच्या रांगेतून दोन्ही सारखेच दिसतात.

तिथून मला जो चेव चढला तो चढलाच. भिंतीवर घड्याळ लावलं होतं. मी म्हटलं, कुठली वेळ लावलीय? देशाची वेळ १९०६ साली एक झाली, पण मुंबईनं पुढं कितीतरी वर्षं आपली वेगळी वेळ सोडली नाही. ती होती ३९ मिनिटं मागं. म्हणजे 'किती वाजले हो?' या साध्या प्रश्नाला 'कुठल्या घड्याळात?' हे खरं उत्तर. रंगमंचावर दोन घड्याळं लावावीत असं मी सुचवून पाहिलं. ३९ मिनिटांत आपलं अख्खं नाटक संपतं, असं सर म्हणाले.

मग वाण्याचा प्रवेश. वाणी झालेला मुलगा हुशार, गळाही गोड. त्याला रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै हे समजावताना माझीच दमछाक झाली. 'काकू, शंभर का नाहीत?' या प्रश्नाला काय सांगणार? चवली, पावली, अधेली हे शब्द मात्र त्याला भयंकर आवडले. दिवसभर तो कॅन्टीनमध्ये पावल्या मागत होता म्हणे. त्याच प्रवेशात त्याचं रेशनच्या रांगेवर एक झकास गाणं होतं. मी ते काढायला लावलं. मुंबईत रेशनिंग आलं मे १९४३ मध्ये, नाटक १९४२ चं. सरांनी कपाळाला हात लावला, मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला थोडं वाईट वाटलं, पण खरं ते खरं.

याच भरात नव्वदी ओलांडलेल्या आत्याला फोन केला. ती तेव्हा सात-आठ वर्षांची. 'आत्या, नऊ ऑगस्टचं काही आठवतं?' तर म्हणाली, 'अगं, आम्हाला कोण काय सांगणार? खिडक्यांना काळा कागद लावलेला आठवतो. खळीनं डकवलेला. रात्री बाहेर उजेड दिसता कामा नये. मी आईच्या आकड्यानं कोपऱ्यात भोक पाडलं होतं, समोरच्यांचं काय चाललंय ते बघायला. दादांनी फटका दिला.' थोडा वेळ थांबून म्हणाली, 'समोर पण काळाच कागद होता गं.'

आता माझं. आजीच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जुनी नाणी असायची. सुट्टीत दुपारी सगळे लवंडले की आम्ही ती चटईवर पालथी करायचो. त्यात माझं लाडकं नाणं म्हणजे भोकाचा पैसा. तांब्याच्या रंगाचा, मधे चांगलं ऐसपैस भोक, एका अंगाला भोवती पानांची झालर. युद्धात धातू वाचवायला म्हणून ते भोक, हे पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा करंगळीच्या टोकाला अडकवून मी मालकीणबाई व्हायचे. आजीनं त्यातले पाच-सहा लाल दोऱ्यात ओवून ठेवले होते. आजोबांनी एक खुर्चीच्या ढिल्या स्क्रूखाली वायसर म्हणून घातला होता आणि ती खुर्ची आमच्याकडे कायम 'पैशाची खुर्ची' होती.

त्यातला एक पैसा माझ्याकडे उरलाय. तो मी रंगीत तालमीला घेऊन गेले. पुठ्ठ्याच्या नाण्यांत एक तरी खरं असावं! वाण्याच्या हातात ठेवला, आजीचं सगळं सांगितलं, जरा भरूनही आलं. त्यानं तो डोळ्याला लावून भोकातून माझ्याकडे पाहिलं. मग उलटा केला, दिव्याखाली धरला आणि अगदी अदबीनं म्हणाला,

'काकू, १९४३.'

आयुष्यभर तो पैसा बोटात घालून फिरले, साल कधी वाचलं नव्हतं.

आता नाटकात पैसाही आहे आणि रेशनचं गाणंही परत आलंय. उलट गाण्याला एक कडवं वाढलंय. निवेदनातला १९४२ हा आकडा सरांनी काढून टाकला, 'त्या काळी' एवढंच ठेवलं. मी हूं की चूं केलं नाही. फक्त काल सगळे चहाला गेले तेव्हा चाळीच्या खिडकीला लावलेल्या काळ्या कागदाला कोपऱ्यात पिनेनं एक भोक पाडून आले. कुठल्याच रांगेतून दिसत नाही ते, मी बसून पाहिलं.