बर्फाचा कप्पा रिकामा करताना

आमच्या डोंबिवलीच्या घरातला फ्रिज एकदारी आणि जुना आहे. त्याच्या वरच्या कप्प्यात दीड-दोन महिन्यांत बर्फाचा इतका जाड थर साचतो की एखादे पाकीट सरकवायलाही जागा उरत नाही, आणि मग एखाद्या रविवारी बटण दाबून, खाली परात ठेवून तो वितळवावा लागतो. गेल्या रविवारी हे काम करताना आतले सगळे ओट्यावर काढले. मटारच्या दाण्यांचे अर्धे पाकीट, खवलेल्या नारळाच्या दोन पिशव्या, होळीचे उरलेले पुरण, तयार आलू पराठ्यांचे न फोडलेले पाकीट, फ्राइजचा तळाला राहिलेला चुरा आणि झाकणावर काहीही न लिहिलेला एक स्टीलचा डबा, एवढा ऐवज निघाला.

सासूबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. "हे सगळं शिळंच की गं," एवढेच त्या म्हणाल्या आणि देवघराकडे वळल्या.

त्यांना उलट उत्तर दिले नाही, परंतु ते वाक्य दिवसभर डोक्यात राहिले. घरात या विषयावर दोन पक्ष आहेत. सासूबाईंच्या मते जे गोठले ते शिळे. मुलीच्या मते ज्या पदार्थासाठी कणीक मळावी लागते तो पदार्थ सुट्टीच्या दिवशी करावा. मी मात्र सकाळी सव्वासातला लोकलसाठी घर सोडते आणि संध्याकाळी साडेसातला परत येते, त्यामुळे दोन्ही पक्षांचे जेवण माझ्याच हातून व्हायचे असते. ओट्यावरच्या त्या पसाऱ्याकडे पाहताना वाटले की पदार्थ गोठवला आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. गोठवण्यापूर्वी तो ताटाच्या दिशेने किती पुढे आला होता, हे आधी विचारले पाहिजे. सोललेला दाणा आणि भाजून पाकिटात भरलेला पराठा एकाच कप्प्यात शेजारी शेजारी पडलेले असले, तरी त्यांची जात वेगळी आहे.

मटारचेच पाहा. शेंग वेलीवरून तोडली की दाण्यातल्या साखरेचे पिठूळ पदार्थात रूपांतर होऊ लागते, म्हणूनच बाजारात दोन दिवस पडून राहिलेला मटार चवीला मठ्ठ लागतो. कारखान्यात आलेले दाणे उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून थोडा वेळ काढतात, त्यामुळे चव आणि रंग बिघडवणारी विकरे (एन्झाइम) निकामी होतात. मग खालून जोराने सोडलेल्या उणे तीस-चाळीस अंशांच्या हवेवर ते तरंगत ठेवून काही मिनिटांत गोठवतात. ही घाई महत्त्वाची असते. पाणी सावकाश गोठले तर बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक तयार होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. झटपट गोठले तर स्फटिक बारीक राहतात आणि दाणा शिजल्यावरही घट्ट लागतो. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा अमेरिकी माणूस १९१२ नंतरची काही वर्षे कॅनडाच्या लॅब्राडॉर किनाऱ्यावर राहिला होता. तिथल्या इन्युइट लोकांनी पकडलेले मासे कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठतात आणि महिन्यांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागतात, हे त्याने पाहिले आणि त्यातून झटपट गोठवण्याचे यंत्र उभे केले. १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावात अशी पाकिटे दुकानात विक्रीला आली. उकळत्या पाण्यातून काढताना क जीवनसत्त्व काही प्रमाणात जाते हे खरे आहे, पण शेंगा चार दिवस टोपलीत ठेवल्या तरी ते जातेच.

पुण्याकडच्या आमच्या माहेरी सासवडचा वाटाणा आला की शेजारपाजारच्या बायका आणि आम्ही मुले चादर अंथरून सोलायला बसत असू. किलोभर शेंगा सोलल्या की अर्धा किलोच्या आसपास दाणे निघत, त्यातले मूठभर सोलणाऱ्यांच्याच पोटात जात. त्या बैठकीची मजा मला आजही हवीहवीशी वाटते. पण मंगळवारी संध्याकाळी साडेसातनंतर उसळीसाठी एकटीने शेंगा सोलत बसण्यात ती मजा नसते. लोकलच्या महिला डब्यात कल्याणकडे परतताना मेथी निवडणाऱ्या, शेंगा सोलणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षे पाहते आहे, मीही त्यांतलीच एक होते. स्टेशनबाहेर पाटीवर सोललेला मटार, सोललेला लसूण, चिरलेली फरसबी आणि निवडलेली मेथी मिळते, आणि ती घेऊन गेले तर कोणी मला आळशी म्हणत नाही. सोलण्याचे काम त्या पाटीवाल्या मावशींनी केलेले चालते, मग तेच काम यंत्राने केले तर त्यात काय बिघडले, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

घरी गोठवायचे असेल तर उकळत्या पाण्यात दाणे दीड-दोन मिनिटे ठेवावेत, लगेच गार पाण्यात टाकून कापडावर कोरडे करावेत आणि ताटात एकेरी पसरून आधी गोठवावेत. पिशवीत नंतर भरावेत, म्हणजे त्यांचा ढेकूळ होत नाही. विकतच्या पाकिटाचीही हीच परीक्षा आहे. हातात घेऊन हलवले की दाणे खुळखुळले पाहिजेत. आत एकच गठ्ठा झाला असेल तर ते पाकीट वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेले आहे असे समजून परत ठेवावे.

पराठ्यांच्या बाबतीत ही परीक्षा मी केली नव्हती आणि त्याचे फळ मिळाले. गेल्या महिन्यात जवळच्या एका दुकानातून आणलेल्या पाकिटात पाचही पराठे एकमेकांना असे चिकटले होते की उलथने घालून सोडवताना दोन फाटले, आणि प्लास्टिकच्या आत बर्फाचा पांढरा भुगा भरला होता. दुकानाचा फ्रीझर रात्री बंद ठेवला जात असावा, असा माझा संशय आहे. तरीही पूर्ण दोष दुकानाला देता येत नाही. असा माल उणे अठरा अंशांवर राहणे अपेक्षित असते आणि आमच्यासारख्या एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला ते सहसा जमत नाही. अनेक पाकिटांच्या मागे बर्फाच्या कप्प्यात किती दिवस आणि डीप फ्रीझरमध्ये किती महिने, असे छोटे कोष्टक छापलेले असते. आपण मात्र पुढच्या बाजूची तारीख तेवढी वाचतो. त्याच मागच्या बाजूला घटकांची यादी असते आणि तिच्यात जे जास्त ते आधी लिहावे लागते. मी आणलेल्या आलू पराठ्यांच्या यादीत मैदा बटाट्याच्या आधी होता आणि पामतेल बरेच वर होते.

एका रविवारी मी घड्याळ लावून पाहिले. पाकिटातला एक पराठा तव्यावर नीट भाजायला साडेचार मिनिटे लागली. बटाटे उकडण्यापासून आठ पराठे करायला सत्तावन्न मिनिटे लागली, आणि ओटा आवरणे त्यात धरलेले नाही. हा आकडा पाहून मुलीला विजय मिळाल्यासारखे वाटले. मग मी भाजणीचा डबा काढला, कांदा चिरला, तिखट-मीठ-तीळ घालून पीठ भिजवले आणि चार थालीपिठे वीस मिनिटांत ताटात वाढली.

भाजणी म्हणजे तरी काय? ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद आणि धणे-जिरे वेगवेगळे भाजून, गार करून गिरणीतून दळून आणलेले पीठ. मे महिन्यात एक सकाळ आणि एक दुपार त्यात जाते. धान्य भाजले की त्यातला ओलावा जातो, कच्चेपणा जातो, आणि ते पीठ कोरड्या डब्यात महिनोन्‌महिने राहते. मेतकूट, सांडगे, कुरडया, पापड आणि आमसुले याच घरातली आहेत. ज्याला आपण सगळे मुळापासून घरी केलेले जेवण म्हणतो, त्यातले अर्धे काम असे आधीच उरकून फडताळात ठेवलेले असे. पाकिटातल्या पराठ्याची तुलना आपण नेहमी एक तास खाणाऱ्या ताज्या पराठ्याशी करतो आणि मग घड्याळ त्याच्या बाजूने बोलते. भाजणीशी तुलना केली तर ते तितके बोलत नाही.

हे पीठ मी स्वतः भाजते असे भासवण्यात अर्थ नाही. सासूबाई भाजतात. त्यांचे गुडघे दुखतात, आणि त्यांच्यानंतर ते कोण करणार, याचे उत्तर या घरात कोणाकडे नाही. बचत गटाच्या बायकांनी केलेली भाजणी विकत मिळते आणि ती चांगलीही असते. 'घरचे' हा शब्द आपण फार सहज वापरतो. त्यामागे कोणाचे तरी एकट्याचे दोन हात असतात आणि ते बहुधा बाईचे असतात. माझा नवरा ताज्या पोळीचा मोठा पुरस्कर्ता आहे. गेल्या पावसाळ्यात मी पंधरा दिवस ताप घेऊन झोपले होते तेव्हा त्याने तयार पोळ्या आणल्या आणि त्यांत काही उणे आहे असे त्याला एकदाही वाटले नाही.

काही पदार्थांना मात्र थंडी सोसतच नाही. उकडीचे मोदक हे त्याचे ठळक उदाहरण. गरम पाण्यात तांदळाच्या पिठाची उकड काढली की त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो. गार होताना तोच पुन्हा आवळत जातो आणि पाणी बाहेर टाकतो. ही क्रिया शून्याच्या थोडे वर, म्हणजे फ्रिजच्या खालच्या भागात, सर्वांत वेगाने होते, म्हणून फ्रिजमधला मोदक फ्रीझरमधल्या मोदकापेक्षाही लवकर वातड होतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीला वेळ नव्हता म्हणून मी गोठवलेले मोदक आणले होते. वाफवल्यावर ते मऊ झाले, पण पारीला बारीक चिरा पडल्या होत्या आणि गुळाचे पाणी चाळणीतून खाली ठिबकत होते. नैवेद्याचे ताट वाढताना सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, आणि ते अधिक लागले.

पुरणाचे नेमके उलट असते. त्यातला गूळ पाण्याला धरून ठेवतो, त्यामुळे ते फ्रीझरमध्ये दगडासारखे होत नाही. डबा बाहेर काढल्या काढल्या चमचा रुततो. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारी माझी नणंद तिथल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानातून गोठवलेल्या पुरणपोळ्या, शेवग्याच्या शेंगा आणि खवलेला नारळ आणते. तिथे तिच्यापुढे ताजे की गोठवलेले असा पर्यायच नसतो. गोठवलेला नारळ मिळाला नाही तर त्या दिवशी नारळाचे काही होत नाही. मोदकाची उकड मात्र ती तिथेही स्वतःच काढते.

संध्याकाळपर्यंत परात दोनदा ओतून झाली. मऊ पडलेले पराठे त्याच रात्री भाजून संपवले आणि नवे आणायचे नाहीत असे ठरले. मुलीने त्यावर आपला निषेध नोंदवला आहे. मटारची उसळ झाली. पुरण, नारळ आणि तो नाव नसलेला डबा तेवढे राहिले. डब्यातले वितळल्यावर झाकण उघडले तर आत तपकिरी, घट्ट असे काहीतरी होते आणि कशाचा वास आहे ते मला ओळखता येईना. सासूबाईंनी बोट लावून चाखले.

"अगं, चिंचेचा कोळ आहे. मीच ठेवला होता," त्या म्हणाल्या. मग डबा बाहेरून कोरडा पुसून, कागदाच्या पट्टीवर 'चिंच' असे लिहून घेऊन, त्यांनी तो रिकाम्या कप्प्यात अगदी पुढे ठेवला.