चित्राचं पान आणि बाकीची पोथी

शिळाछापाच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या, जुन्या पोथ्यांमधली चित्रांची पानं मी जमवतो. सोलापुरात रद्दीवाल्यांकडे, जुनी घरं रिकामी होताना ती अधूनमधून हाती लागतात. पोथीला शिवण नसते, त्यामुळे पानं आपसूक विखुरतात. पण चित्रं तेवढी वेगळी काढून विकायची आणि ओव्यांची पानं रद्दीत टाकायची, हे मला अजिबात सहन होत नाही.

मंगळवार पेठेत एका दुकानदाराने असंच एक पान पुढे केलं. "एवढं घ्या मालक, बाकीचं जाऊ द्या." मी अख्खा गठ्ठा उचलला. चित्र कालियामर्दनाचं: नागाच्या फण्यावर कृष्ण, खाली हात जोडलेल्या नागपत्नी आणि चौकटीला खेटून ओव्या. शेवटचं पान मात्र गहाळ, म्हणजे छापखाना कळेना, शकही कळेना.

समासात 'ह. वि.' होतं, म्हणून हरिविजय हे लगेच कळलं. तो लिहिणारे श्रीधरस्वामी आपल्या सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे. ग्रंथ पुरा झाला पंढरपुरात, शके १६२४ मध्ये. प्रश्न होता छपाईचा. शिळाछापात लेखनिकाचं तेलकट शाईतलं अक्षर दगडावर उतरतं आणि त्या दगडावरच्या प्रत्येक प्रतीत तेच हस्ताक्षर येतं. तेव्हा जिथे जिथे जुना हरिविजय आहे असं कळलं, तिथे भिंग घेऊन गेलो. कुठे पानावरच्या ओळी कमी-जास्त, कुठे चित्रच निराळं. अखेर एका ओळखीच्या आजींनी देवघरातली पोथी लाल फडक्यातून सोडली. "हात धुऊन घे रे आधी," म्हणाल्या. तेच पान काढलं. एका 'ळ'ची शेपटी चौकटीच्या रेघेवर चढली होती, माझ्या पानावर होती अगदी तशीच. आणि शेवटच्या पानावर स्पष्ट छापलेलं: मुंबई, शके १७८५. म्हणजे इसवी सन १८६३. मला तर आनंदाने बोलताच येईना.

जपणुकीचं थोडक्यात सांगतो. फाटलं तरी सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. आम्लरहित कागदात पानं आडवी ठेवा. मी कपाटात वेखंडाची पुरचुंडीही ठेवतो आणि पावसाळ्यात कसर लागली नाही ना, हे आवर्जून पाहतो.

चित्राचं पान मी फ्रेम केलेलं नाही. ते गठ्ठ्यात त्याच्या आकड्यावरच आहे. मधली काही पानं अजून सापडायची आहेत. आजींच्या पोथीवरून त्यांचे आकडे उतरवून घेतलेत आणि तो कागद आता रद्दीवाल्यांनाही देऊन ठेवलाय.