उणे अठराचे दोनशे अडतीस

इंदूरमधल्या परदेशीपुऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समध्ये आमचे छोटे कार्यालय आहे आणि शीतगृहांतले तापमान नोंदवणाऱ्या उपकरणांचे सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. सी भाषेतला तोच कोड उपकरणातल्या एआरएम प्रोसेसरवर, ग्राहकाच्या विंडोजवर आणि आमच्या लिनक्स सर्व्हरवर चालतो. कोडपासून चालणारा प्रोग्रॅम कसा बांधायचा हे ‘मेक’ या साधनाला सांगणाऱ्या मेकफाइली तिन्हींसाठी वेगळ्या होत्या. नवी फाइल जोडली की तिचे नाव तीन ठिकाणी लिहावे लागे. हे सारे सीमेक या नव्या धाटणीच्या साधनावर आणण्याचे काम माझ्याकडे आले.

मेक हे १९७६ सालचे, बेल लॅब्जमधले साधन. ते मला कधीच टाकाऊ वाटले नाही. मात्र प्लॅटफॉर्मांतले फरक आपणच हाताने सांभाळायचे असतात. सीमेकमध्ये फाइलींची यादी एकच राहते आणि कंपायलर कोणता, त्याचे पर्याय कोणते अशा प्लॅटफॉर्मपुरत्या गोष्टी टूलचेन फाइलीत जातात. ही मांडणी करताना, ज्यांचे कारण कुठेच लिहिलेले नव्हते अशा बऱ्याच जुन्या ओळी मी गाळल्या. तिन्ही बिल्ड, म्हणजे कोडपासून बांधलेले प्रोग्रॅम, पूर्ण झाले, चाचण्याही उत्तीर्ण झाल्या. चाचण्या फक्त सर्व्हरवर चालत आणि एआरएमसाठी आम्ही नुसते कंपाइल करत होतो, म्हणजे कोड यंत्रभाषेत बदलत होतो पण चालवत नव्हतो, हे ठाऊक असूनही मी तेवढ्यावर विसंबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपकरण फ्रीझरमध्ये ठेवले. गोठवलेला मटार ठेवतात त्या उणे १८ अंशांऐवजी पडद्यावर २३८ उमटले.

आधी सेन्सर बदलला, आकडा तोच. जुना बिल्ड चढवताच उणे १८ दिसले, तेव्हा दोन्ही बिल्डमधल्या कंपायलरच्या आज्ञा शेजारी शेजारी ठेवून शब्द न् शब्द ताडला. जुन्या आज्ञेतला ‘-एफसाइन्ड-चार’ (-fsigned-char) हा पर्याय नव्या आज्ञेत नव्हता. ‘चार’ (char) हा एका बाइटचा डेटाप्रकार अधिक-उणे चिन्हासह धरायचा की चिन्हाविना, हे सी भाषेच्या मानकाने कंपायलरवर सोडले आहे. इंटेलच्या यंत्रांवर तो सहसा चिन्हासह असतो. एआरएम लिनक्सवर चिन्हाविना, कारण एआरएमच्या सुरुवातीच्या प्रोसेसरांत चिन्हासह बाइट वाचण्याची स्वतंत्र आज्ञाच नव्हती. बाइटमध्ये २५६ वेगवेगळ्या किमती मावतात आणि चिन्ह न धरल्यास उणे १८ ची किंमत २५६ मधून १८ वजा करून वाचली जाते. त्यामुळे २५६ मधून १८ गेले आणि २३८ उरले.

रामबागेत राहणाऱ्या, आमच्याकडूनच निवृत्त झालेल्या काकांना मी फोन केला.

“काका, मेकफाइलीतली ही ओळ तुम्ही घातली होती का?”

“हो गं. पहिल्याच उपकरणावर बर्फाचं तापमान दोनशेच्या वर गेलं होतं. कारण तिथे लिहायचं राहिलं बघ.”

तो पर्याय त्याच दुपारी टूलचेन फाइलीत परत घातला. पुढे तापमानाची चलने निःसंदिग्धपणे चिन्हासह असणाऱ्या प्रकारात बदलली आणि एआरएमचा प्रत्येक बिल्ड क्यूईएमयू (QEMU) या, दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून तपासू लागलो. त्यातली पहिली चाचणी उणे १८ ची आहे.

रविवारी गाळलेल्या ओळींची छापील यादी घेऊन मी रामबागेत गेले. एकोणीसपैकी चार ओळींची कारणे काकांना आठवली. ती त्यांच्याच शब्दांत टूलचेन फाइलीत लिहिली आहेत. उरलेल्या पंधरा ओळी जुन्या बिल्डशी ताडून पाहण्याचे काम अजून चालू आहे.