दूध संकलन केंद्रात गॅसवरचा प्रेशर वॉशर बसवताना

सांगली जिल्ह्यातील आमच्या दूध संकलन व शीतकरण केंद्राच्या देखभालीची जबाबदारी माझ्याकडे आहे. टँकर, दुधाचे कॅन आणि फरशी धुण्यासाठी आम्ही पूर्वी थंड पाण्याचा प्रेशर वॉशर वापरत होतो. परंतु दुधातील स्निग्धांश साधारण ३० ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो, त्यामुळे थंड पाण्याचा झोत कितीही जोरदार असला तरी तेलकट थर फरशीवरून पुरता निघत नाही, केवळ इकडून तिकडे सरकतो. डिझेलवर चालणारे यंत्र घेण्याचा विचार झाला होता. मात्र दुधाला बाहेरचा वास फार लवकर लागतो, आणि डिझेलचा धूर केंद्राच्या आवारात नको, असे माझे स्पष्ट मत होते. म्हणून एलपीजीवर पाणी तापवणारे, मिनिटाला १५ लिटर पाणी १५० बार दाबाने देणारे यंत्र घ्यायचे ठरले.

यंत्र येण्यापूर्वी मी गॅसचा हिशोब कागदावर मांडला, आणि पुढचे बरेच निर्णय त्या हिशोबानेच ठरले. मिनिटाला १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ७० अंशांपर्यंत न्यायचे, तर तासाला सुमारे ४०,५०० किलोकॅलरी उष्णता लागते. यंत्राची कार्यक्षमता ८० टक्के आणि एक किलो एलपीजीची उष्णता ११,००० किलोकॅलरी धरली, तर तासाला साडेचार किलोंच्या आसपास गॅस जळणार. १९ किलोच्या एका व्यावसायिक सिलिंडरमधून सलग इतकी वाफ निघत नाही. आतला द्रव थंड पडतो, सिलिंडरवर दव आणि मग हिम जमते, आणि दाब उतरतो. त्यामुळे एकाच मॅनिफोल्डवर (सिलिंडर एकत्र जोडणाऱ्या पाइपवर) अनेक सिलिंडर एकाच वेळी चालू ठेवणे भाग होते. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार १०० किलोपेक्षा अधिक एलपीजी साठवायचा असेल तर परवाना लागतो. म्हणून आम्ही पाच सिलिंडरांवर, म्हणजे ९५ किलोंवर थांबलो आणि सुटा सहावा सिलिंडर आवारात ठेवायचा नाही, असा नियम केला.

जागा निवडताना सर्वाधिक वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो छताकडे न जाता फरशीवरून सरपटत सखल जागा शोधतो. धुण्याच्या जागेत तर सगळा उतार मुद्दाम गटाराकडेच दिलेला असतो. जोडणी करणाऱ्या ठेकेदाराने सिलिंडर टँकर धुण्याच्या ओट्यालगत, जाळीच्या गटारापासून हातभर अंतरावर ठेवण्याचे सुचवले होते, कारण त्यामुळे पाइप कमी लागला असता. मी त्याला नकार दिला. सिलिंडर इमारतीबाहेर, उंच व पक्क्या चौथऱ्यावर, तिन्ही बाजूंनी जाळी आणि वर पत्रा अशा ठिकाणी, गटारापासून व विजेच्या पेट्यांपासून दूर ठेवले. यंत्रासाठी वेगळी खोली केली, तिच्या बाहेरच्या भिंतीला फरशीलगत एक आणि छताखाली एक अशा दोन जाळ्या बसवल्या आणि प्रत्येक जाळीतून हवेला प्रत्यक्ष मोकळी मिळणारी जागा ४०० चौरस सेंटिमीटरांहून कमी होणार नाही, हे मोजून घेतले. जाळीच्या पट्ट्याच बरीच जागा अडवतात, त्यामुळे चौकटीचे माप धरून चालत नाही.

यंत्र आल्यावर मी सर्वांत आधी बर्नरवरची पाटी वाचली. तीवर ‘नैसर्गिक वायू’ असे होते. पुण्या-मुंबईकडे पाइपने येणाऱ्या गॅससाठीचे जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारे बारीक भोकाचे तोंड) बसवलेले यंत्र आम्हाला पाठवले गेले होते, आणि ‘गॅस तो गॅसच, चालून जाईल’ असे फोनवर सांगण्यातही आले. हे उत्तर मला अजूनही अस्वस्थ करते. नैसर्गिक वायूच्या जेटला भोक मोठे असते. त्यातून तेवढ्याच दाबाने एलपीजी सोडला तर बर्नर ठरल्यापेक्षा दीडपटीहून अधिक उष्णता देतो, त्याला पुरेशी हवा मिळत नाही, कॉइलवर (ज्यातून पाणी तापत जाते त्या वेटोळ्या नळीवर) काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जेट, गॅस व्हॉल्व्हमधील स्प्रिंग आणि पायलटचे (मुख्य बर्नर पेटवणाऱ्या लहान ज्योतीचे) जेट, असे तीनही भाग उत्पादकाच्या एलपीजी संचातून बदलून घेतल्यावर, आणि पाटीवर तशी नोंद झाल्यावरच आम्ही पुढे गेलो. जेटचे भोक जागेवर ड्रिलने कमी-जास्त करण्याचा प्रस्ताव कोणीही मांडला तरी तो ऐकू नये.

गॅसची जोडणी झाल्यावर प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्याने तपासला. काडी ओढून गळती पाहण्याची सवय काही जुन्या मिस्त्रींना अजूनही आहे. तसे करू पाहणाऱ्याला जागेवरच थांबवावे. भट्टीसाठी वापरतात तो हाय प्रेशर रेग्युलेटर आम्ही लावला नाही. दोन टप्प्यांत दाब उतरवणारी व्यवस्था केली आणि बर्नरला गॅस देणाऱ्या पाइपवर नळीचा मॅनोमीटर (पाण्याच्या उंचीवरून दाब दाखवणारे साधन) लावून दाब पाहिला. पाटीवर २८० मिलिमीटर पाण्याचा दाब दिलेला होता. तो बर्नर बंद असताना नव्हे, पूर्ण ज्योतीवर चालू असताना मिळायला हवा, आणि अर्धा तास चालवल्यानंतरही टिकायला हवा.

धुराड्याच्या बाबतीत जे दिसले, ते मला सविस्तर सांगावेसे वाटते. धुराडे कोपर न देता सरळ वर नेले होते, त्याचा व्यास यंत्राच्या तोंडापेक्षा कुठेही कमी केला नव्हता आणि ते छपराच्या वर पुरेसे काढले होते. गॅसची गळती नाही याची खात्री झाल्यानंतर, बर्नर काही मिनिटे चालवून, मी धुराड्याखालच्या ड्राफ्ट हूडच्या (जिथे खोलीतली हवाही धुराड्यात शिरते त्या उघड्या टोपीच्या) कडेशी पेटती उदबत्ती धरली. धूर व्यवस्थित आत ओढला जात होता. त्यानंतर रोजच्या कामात असते तशी स्थिती केली: खोलीचे दार बंद, शेजारच्या कॅन धुण्याच्या खोलीशी जोडणारे दार उघडे, आणि तिथला मोठा एक्झॉस्ट पंखा चालू. उदबत्तीचा धूर क्षणभर अडखळला आणि सरळ माझ्या तोंडावर आला. पंखा बाहेरची हवा जाळ्यांमधून पुरेशी मिळत नसल्याने धुराड्यातूनच उलटी हवा खेचत होता, आणि जळलेला वायू त्या खोलीत चालला होता जिथे आमची माणसे तासन् तास उभी असतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे दमणुकीची समजून माणूस तिथेच थांबतो. आम्ही मधले दार विटांनी कायमचे बंद केले, कॅनच्या खोलीत पंख्यासाठी बाहेरून हवा येईल अशी वेगळी खिडकी काढली आणि दोन्ही खोल्यांत कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म लावले. मग तीच चाचणी पंखा चालू ठेवून पुन्हा घेतली, तेव्हा धूर आत गेला. यंत्र बसवणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी सगळे पंखे चालू, बाहेरची सगळी दारे लावून आणि पंख्याच्या खोलीकडचे दार उघडे ठेवून करावी; बाहेरचे दार उघडे ठेवून घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही.

ज्योत लावताना हवेची झडप हळूहळू फिरवली. टोके पिवळी दिसली तर हवा कमी, ज्योत बर्नर सोडून उचलली जाऊन फुरफुरू लागली तर जास्त. मधली, शांत निळी ज्योत हवी. डोळ्यांवर विसंबून न राहता तंत्रज्ञाने ड्राफ्ट हूडच्या आधीच्या वायूत विश्लेषकाची (धुरातील वायू मोजणाऱ्या यंत्राची) नळी घातली. ऑक्सिजन ७ टक्क्यांच्या आसपास आणि कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भागांच्या) बराच खाली स्थिरावल्यावर झडप घट्ट केली. सकाळी थंड पाण्यावर यंत्र सुरू होताच कॉइलखालून पाणी ठिबकू लागले, तेव्हा कॉइल फुटल्याची ओरड झाली. जळलेल्या गॅसमधील बाष्प थंड कॉइलवर जमून ते पाणी होते. कॉइल तापल्यावर ठिबकणे थांबले. ते थांबले नसते, तर मात्र गळतीच शोधावी लागली असती.

पाण्याच्या बाजूला माझा आग्रह एकच होता: सुरक्षेचे प्रत्येक साधन प्रत्यक्ष काम करताना दिसले पाहिजे. गनचा ट्रिगर सोडला की फ्लो स्विचने (पाण्याचा प्रवाह ओळखणाऱ्या स्विचने) बर्नर तत्काळ बंद करायला हवा, कारण अडलेल्या पाण्याखाली ज्योत चालू राहिली तर कॉइलमध्ये दाबाखालची वाफ तयार होते. म्हणून तो स्विच अनलोडरच्या (गन बंद असताना पाणी पंपाकडे परत वळवणाऱ्या झडपेच्या) पुढे, फक्त गनकडे जाणाऱ्या पाण्यावर असावा लागतो. थर्मोस्टॅट मुद्दाम खाली आणून बर्नर विझतो का पाहिले. पायलट विझवला आणि थर्मोकपल (ज्योतीची उष्णता ओळखणारी काडी) थंड होऊन व्हॉल्व्ह ‘टक्’ करून मिटल्याचा आवाज ऐकला. त्यानंतर किमान पाच मिनिटे थांबून, फरशीजवळ वाकून वास घेऊनच पुन्हा पेटवले. कॉइल आणि रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाल्यास आपोआप उघडणारी झडप) यांच्यामध्ये कोणताही कॉक ठेवलेला नाही, आणि या व्हॉल्व्हचा निचरा फरशीकडे वळवला आहे. अनलोडर दाबमापकाकडे पाहत लावला. नोझल झिजल्यावर दाब उतरतो, तेव्हा अनलोडर पिळण्याची इच्छा होते. त्याऐवजी नोझल बदलावे.

विजेची बाजू थोडक्यात सांगतो: साडेसात अश्वशक्तीची मोटार, पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), ज्याचे चाचणी बटण दर आठवड्याला दाबले जाते. गनचा झोत अंगावर लागून सुईएवढी जखम दिसली, तरी पाणी कातडीखाली खोल गेलेले असू शकते. अशा माणसाला मलमपट्टी करून कामावर न पाठवता थेट रुग्णालयात न्यावे, हे आम्ही भिंतीवर लिहिले आहे.

आमच्या बोअरचे पाणी जड आहे, म्हणून यंत्राच्या आधी सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारे साधन) बसवला. क्षाराचा थर कॉइलमध्ये धरला की उष्णता पाण्याला न मिळता धुराड्यातून निघून जाते, आणि धुराड्याचे तापमान हळूहळू चढत जाणे हीच त्याची पहिली खूण असते. ते तापमान आता नोंदवहीत लिहिले जाते. डिसेंबरच्या पहाटे सिलिंडर थंड असताना दाब २८० मिलिमीटरांखाली येऊ लागला, तेव्हा सिलिंडर गरम पाण्याच्या टोपात उभे करण्याची सूचना आली, जी मी मान्य केली नाही. थर्मोस्टॅट ७० वरून ६० अंशांवर आणला आणि धुण्याचे काम सलग न करता मध्ये विसावा देऊन ठेवले. स्निग्धांश काढायला ६० अंश पुरतात, आणि तेवढ्यावर पाचही सिलिंडर दाब टिकवून आहेत.