सतरा नावांचा सातबारा आणि चार लाखांचं कर्ज

थोरल्याला हॉटेल मॅनेजमेंटला घातलं २०२२ मध्ये. बारावी झाली, पुण्यात तीन वर्षांच्या डिग्रीला प्रवेश मिळाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते बँकेचं. अजून त्या शाखेवरून एसटी गेली की माझी मान आपोआप दुसरीकडे वळते.

फी वर्षाला सव्वा लाख. वसतिगृह, मेस, युनिफॉर्म, सुऱ्यांचा सेट धरून तीन वर्षांचे ४ लाख ८० हजार होत होते. मी कुडाळजवळच्या शाळेत लिपिक. पगार खात्यात जातो ती हीच बँक, वीस वर्षांचं खातं. म्हटलं, आठवड्यात काम होईल.

पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "हॉटेलचा कोर्स? हे शैक्षणिक कर्जात बसत नाही बहुतेक." बहुतेक! विद्यापीठाची मान्यता, प्रवेशाचं पत्र, फीचा तक्ता समोर ठेवला. मग म्हणाले, तारण लागेल, जमिनीचा सातबारा आणा.

कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. आमच्या साडेअकरा गुंठ्यांवर सतरा नावं आहेत. त्यातली तीन माणसं हयात नाहीत, त्यांचे वारस लावलेले नाहीत. दोघं डोंबिवलीला, एक बडोद्याला, आणि एका चुलत्याशी आमचं बोलणं २००९ पासून बंद. साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "सगळ्यांची संमती घ्या, तुमचीच माणसं आहेत ना?"

मी वेड्यासारखा कामाला लागलो. त्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला होते, चाकरमानी येणारच होते, पण कॉलेजची फी त्याच्या आधी भरायची होती. सोसायटीतून पहिल्या हप्त्यापुरते पैसे उचलले. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, आरती झाल्यावर, स्टॅम्पपेपर घेऊन मी एकेकासमोर बसलो. बायको मोदकांची ताटं फिरवतेय आणि मी पेन. नऊ सह्या झाल्या. दहाव्यानं विचारलं, "म्हणजे पोरान हप्ते नाय भरल्यान तर आमची जमीन जातली?" संपलं. नऊतल्या दोघांनी रात्री येऊन आपल्या सह्या खोडायला लावल्या.

बायको तेव्हाच म्हणत होती, "तेंका विचार, कागदार खय लिवलेला हा?" मी ऐकलं नाही. साहेबांनी सांगितलं म्हणजे असणारच, हा आमचा लिपिकी स्वभाव.

डोळे उघडले ते शेजारच्या निवृत्त बँकवाल्या काकांमुळे. बँकांच्या संघटनेची शैक्षणिक कर्जाची जी आदर्श योजना आहे, तिच्यात साडेसात लाखांपर्यंत तारण मागायचंच नसतं. चार लाखांपर्यंत तर आपला हिस्साही भरावा लागत नाही, फक्त आई किंवा वडील सहकर्जदार. चार लाखांच्या वर गेलात की देशातल्या शिक्षणासाठी पाच टक्के तुमचे. काका म्हणाले, "चारच लाख माग, वरचे ऐंशी हजार दुसरीकडून बघ. आणि लेखी मागायला शीक."

दोन्ही केलं. शैक्षणिक कर्जाच्या सरकारी विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज भरला (तिथं तेव्हा एकाच अर्जावर तीन बँका निवडता यायच्या, हे आधी कळलं असतं तर!) आणि त्याची प्रत शाखेत देऊन पोच मागितली. सोबत चार ओळींचं पत्र: कर्ज नाकारत असाल तर कारण लेखी कळवावं. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. बारा दिवसांत मंजुरी. तारण नाही, सातबारा नाही, काही नाही. अकरा खेपा झाल्या होत्या माझ्या.

व्याजाच्या सरकारी सवलतीसाठी उत्पन्न साडेचार लाखांच्या आत लागत होतं. माझं तीस हजारांनी वर गेलं. तोही एक राग आहे, पण तो बँकेवर नाही.

आता हिशेब, जो प्रवेशाआधीच करायला हवा होता. साडेदहा टक्के धरून मी वहीत मांडला तो असा: अभ्यासक्रमाची तीन वर्षं आणि वरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. काही न भरता थांबलो असतो तर चार लाखांचे सव्वापाच झाले असते आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे ७,१००. आम्ही व्याज दरमहा भरत गेलो. पहिल्या वर्षी बाराशेच्या आसपास, शेवटी साडेतीन हजार. त्यामुळे हप्ता बसला ५,४००.

दुसरी बाजू पगाराची. कॉलेजच्या रंगीत पुस्तकात सूट घातलेली पोरं आणि परदेशी जहाजं. आमचा पोरगा गोव्यात कोमी थ्री म्हणून लागला, म्हणजे किचनमधली सगळ्यात खालची पायरी. ऑफर लेटरवर महिना बावीस हजार, पीएफ वगैरे कापून हातात १७,८००. मडगावला खोलीचा वाटा साडेचार हजार. ड्युटीवर जेवण कॅफेटेरियात, म्हणून निभतं. गिऱ्हाइकांच्या बिलावरच्या सर्व्हिस चार्जमधला त्याचा वाटा डिसेंबरात सहा हजार आला होता, जुलैत नऊशे. तेव्हा हप्ता ठरवताना जुलै धरा, डिसेंबर नको.

हो, राहिलंच. राज्याच्या सीईटीतून, कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीनं चार वर्षांच्या बीएचएमसीटीला (हॉटेल मॅनेजमेंटचीच डिग्री) गेलात, तर आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला राज्याच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती पोर्टलवरून शिक्षण शुल्कात सवलत मिळते. मुलींसाठी २०२४ पासून ती आणखी मोठी झालीय. मॅनेजमेंट कोट्याला नाही. सुऱ्यांच्या सेटचं पक्कं बिल घ्या, मला साध्या चिठ्ठीवर बँकेनं पैसे दिले नाहीत. आणि जुन्या करप्रणालीत असाल तर भरलेल्या व्याजाची आयकरात वजावट आठ वर्षं मिळते, नव्या प्रणालीत नाही. कर्जासोबत विमा घ्याच असं बँकेत कोणी म्हणालं तर तेही लेखी मागा.

यंदा गणपतीला तो दहावा भाऊ भेटला. प्रसाद हातात घेऊन हळूच विचारतो, "काय रे, जमीन आसा मां अजून?"