ग्रिप कोणती घेऊ आणि किती घासू?

तुम्ही विचारलंत म्हणून ग्रिपबद्दल, म्हणजे पिस्तुलाच्या लाकडी मुठीबद्दल, जरा सविस्तर लिहिते. प्रश्न साधारण असा असतो: ‘१० मीटर एअर पिस्तूल मारतो. ग्रिप हाताला टोचते, तासाभरात मनगट भरून येतं. नवी ग्रिप घेऊ, की आहे तीच घासून-भरून घेऊ? आणि नवी घेतली तर कोणत्या साइझची?’ मनू भाकरनं २०२४ साली पॅरिसला दोन कांस्यपदकं जिंकल्यापासून हाच प्रश्न मुलांच्या आईवडिलांकडूनही येतो, कारण खर्च त्यांचा असतो.

माझं उत्तर थोडक्यात असं: बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचेल ती साइझ घ्या, आधी हात आणि ग्रिपमधली पोकळी भरा, मग घासा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पण असं का, ते समजल्याशिवाय कानस हातात घेऊ नका.

ग्रिपकडून आपल्याला नेमकं काय हवंय, ते आधी बघू. नेम धरताना नळीच्या टोकावरची फ्रंट साइट मागच्या रिअर साइटच्या खाचेत मधोमध दिसावी लागते. एअर पिस्तुलाच्या या दोन साइटमध्ये अंदाजे ३३ सेंटिमीटर अंतर असतं. टार्गेट १० मीटरवर. म्हणजे फ्रंट साइट खाचेत १ मिलिमीटर जरी सरकली, तरी टार्गेटवर तो फरक ३० मिलिमीटरच्या घरात जातो. दोन रिंगांमध्ये अंतर ८ मिलिमीटर. काळ्या वर्तुळाचा व्यास ५९.५ मिलिमीटर. तेव्हा खाचेतल्या त्या एका मिलिमीटरनं शॉट मधून उठून थेट काळ्याच्या कडेला जातो, टेनच्या जागी सात लागतो. याउलट दोन्ही साइट एका रेषेत असतील आणि अख्खा हातच १ मिलिमीटर बाजूला गेला असेल, तर शॉटही १ मिलिमीटरच सरकतो. टेन टेनच राहतो. नवीन नेमबाज सगळा जीव हात स्थिर करण्यात घालतात. हात कुणाचाच दगडासारखा स्थिर राहत नाही, तो हलणारच. त्या हलत्या हातात दोन साइट एकमेकींशी जुळलेल्या राहणं महत्त्वाचं, आणि ते काम ग्रिपचं आहे. हात वर आला की मनगटानं काही दुरुस्ती न करता साइट आपोआप जुळलेल्या दिसल्या पाहिजेत. पहिल्या शॉटला दिसल्या तशाच साठाव्यालाही. मॅचमध्ये ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात. दुकानात दोन मिनिटं हातात घेऊन ‘मऊ लागते, छान बसते’ असं वाटणाऱ्या ग्रिपची खरी परीक्षा चाळिसाव्या शॉटनंतर सुरू होते.

म्हणून माझ्याकडे कुणी ग्रिपची तक्रार घेऊन आलं, की मी आधी एकच चाचणी घेते. पिस्तूल रिकामं, तोंड टार्गेटकडे. नेहमीसारखे उभे राहा, पिस्तूल हातात बसवा, डोळे मिटा, हात वर घ्या, श्वास सोडून स्थिरावा आणि डोळे उघडा. आता दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या. साइट एकमेकींशी जुळल्यात, पण पिस्तूल टार्गेटच्या डावी-उजवीकडे रोखलंय? मग ग्रिपला हात लावू नका, पाय सरकवा. मागचा पाय थोडा इकडे-तिकडे केला की अख्खं शरीर फिरतं आणि पिस्तूल मध्यावर येतं. साइटच एकमेकींशी जुळलेल्या नाहीत, फ्रंट साइट खाचेत एका बाजूला चिकटलीय किंवा खाली बुडालीय? मग दोष ग्रिपचा. या दोन गोष्टींची गल्लत करून चांगल्या ग्रिपा घासून वाया घालवलेल्या मी बघितल्यात. चाचणी एकदा करून थांबू नका. प्रत्येक वेळी पिस्तूल टेबलावर ठेवा आणि नव्यानं हातात बसवा. दर वेळी साइट वेगळीकडे दिसत असेल, तर ग्रिप अजून बाजूला ठेवा, आधी पिस्तूल हातात बसवण्याची सवय एकसारखी करा.

आता साइझ. मोरिनी, स्टायर, पार्डिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ यांच्या ग्रिपा एक्स्ट्रा स्मॉलपासून लार्जपर्यंत मिळतात. लोक तळहाताची रुंदी मोजून तक्ता बघतात. सुरुवातीला ते ठीक आहे, पण माझ्या मते निर्णय तर्जनीनं द्यावा. अंगठा आणि तर्जनीमधला खळगा ग्रिपच्या मागच्या वळणात वरपर्यंत घट्ट बसवा. मग तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर मधोमध टेकतो का, आणि तर्जनीचा बाकीचा भाग लाकडापासून सुटा राहतो का, ते बघा. ट्रिगर मागेपुढे करायला स्क्रू असतो, त्यामुळे थोडाफार फरक तिथे भरून निघतो. पण खळग्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतरच जास्त असेल, तर घासून ते फारसं कमी होत नाही, कारण थोडं लाकूड गेलं की आत पिस्तुलाची धातूची फ्रेम लागते. म्हणून दोन साइझमध्ये अडकलात तर लहान घ्या. कमी पडेल तिथे भरता येतं. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचीच ग्रिप मागवावी. उजवी ग्रिप तासून डावी होत नाही.

तर्जनीचं इतकं का, तर एक उदाहरण सांगते. अकरावीतली एक मुलगी, हात लहान, पिस्तूल क्लबचं, ग्रिप मीडियम. तिचे शॉट सारखे नऊ वाजता, म्हणजे मध्याच्या सरळ डावीकडे, आठाच्या रिंगेत. ट्रिगर हळू दाब, असं सगळे तिला सांगायचे, आणि ती बिचारी तासन् तास ड्राय, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबायचा सराव, करायची. मी टार्गेटकडे पाठ करून तिच्या बाजूला वाकून नुसतं बोट बघितलं. ट्रिगरवर पेराचं टोक कसंबसं टेकलेलं, मधलं पेर लाकडाला सपशेल चिकटलेलं. ती दाबायची तेव्हा बोट सरळ मागे येण्याऐवजी ट्रिगर आणि लाकूड दोन्ही डावीकडे ढकललं जायचं. ट्रिगरचं वजन नियमानं किमान ५०० ग्रॅम, आणि अख्खं पिस्तूल किलोच्या आसपास. एवढा दाब तिरका गेला की नळी हलणारच. आम्ही ट्रिगर मागे घेतला, तर्जनीखालचं लाकूड नखभर खोल उतरवलं, जेणेकरून बोटाखालून कागद सहज सरकावा. ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा शॉटांचा पुंजका, मध्याकडे सरकला. दाबायची पद्धत तिची आधीपासून चांगलीच होती.

कामाला बसताना हवेचं सिलिंडर काढा, चेंबर रिकामं असल्याची खात्री करा आणि ग्रिप पिस्तुलापासून सुटी करा. पिस्तुलावर बसवलेल्या ग्रिपवर कानस चालवू नये, लाकडाचा भुसा ट्रिगरच्या यंत्रणेत जातो.

कुठे भरायचं ते अंदाजानं ठरवू नका. हाताला खडूची पूड चोळा, पिस्तूल नेहमीसारखं धरा, हात वर घेऊन होल्ड करा, म्हणजे नेम धरून स्थिर राहा, आणि सावकाश सोडा. लाकडावर पूड लागली तिथे हात टेकतो, कोरं राहिलं तिथे पोकळी आहे. बहुतेकांची मोठी पोकळी तळहाताच्या मध्यात किंवा अंगठ्याच्या मुळाशी निघते. पोकळी असली की हात ती आवळून भरायला बघतो, आणि आवळलं की थरथर आली. भरताना थेट एम-सील किंवा लाकडाची लांबी (पुटी) लावू नका. आधी मुलांच्या खेळातली क्ले लावून दोन-चार दिवस ड्राय करा. जागा पटली की मगच पक्कं भरा. लांबी ओली असताना ग्रिपवर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म ताणून लावा, हातात पातळ हातमोजा घाला, आणि उभं राहून, हात टार्गेटच्या उंचीवर घेऊन ठसा उमटवा. खुर्चीत बसून दाबलेला ठसा बसलेल्या माणसाचा असतो. हात खांद्याच्या रेषेत आला की मनगटाचा कोन बदलतो आणि तळव्याचे उंचवटेही बदलतात. लांबी वाळल्यावर कानशीनं कडा मोडा, मग पॉलिशपेपर. घासताना तोंडाला मास्क हवाच.

साइट जुळवण्यासाठी कुठे भरायचं, याचा हिशेब असा. डोळे उघडल्यावर फ्रंट साइट खाचेत खाली बुडालेली दिसली, तर तळहाताच्या खालच्या गादीमागे, म्हणजे ग्रिपच्या मागच्या खालच्या बाजूला थोडं भरा. ग्रिपचा खालचा भाग पुढे सरकतो आणि नळी उचलली जाते. फ्रंट साइट वर दिसली, तर उलट. उजव्या हाताच्या नेमबाजाला फ्रंट साइट डावीकडे दिसत असेल, तर उजव्या बाजूला मागे, तळव्याच्या मुळाशी भर द्या. पिस्तुलाचा मागचा भाग डावीकडे ढकलला जातो, तोंड उजवीकडे येतं. हल्लीच्या बऱ्याच पिस्तुलांत ग्रिपचा कोन स्क्रूनं बदलता येतो. तशी सोय असेल तर आधी स्क्रू फिरवा, लांबी नंतर.

खाली तळव्याला टेकणारी पट्टी, हील रेस्ट, हिच्याबद्दल गैरसमज फार. ती वर करून हात शिकंज्यात पकडल्यासारखा केला की सुरुवातीला भक्कम वाटतं. अर्ध्या तासात तळव्याचे स्नायू आखडतात, नाडीचा ठोका साइटवर दिसायला लागतो. हात वर घेतलेल्या स्थितीत पट्टी तळव्याला नुसती टेकेल इतकीच वर आणा आणि स्क्रू आवळा. दर वेळी हात त्याच उंचीवर बसावा एवढंच तिचं काम. करंगळी सैल, अंगठा त्याच्या जागी निवांत. दाब हवा तो मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा, सरळ मागे, तळव्याकडे.

इथेच नियमाचं सांगते, कारण हौसेनं केलेलं काम इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्य-तपासणीच्या, टेबलावर अडकलं की रडू येतं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ग्रिपनं हाताला वेढा घालता कामा नये, आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे. हील रेस्ट आणि थंब रेस्ट (अंगठा टेकायची जागा) ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नाहीत आणि त्या वर वळवताही येत नाहीत. अंगठा वरच्या दिशेनं मोकळा उचलता आला पाहिजे. अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे आणि वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं. बाजूनं भरपूर लांबी चढवलेली ग्रिप त्या ५० मिलिमीटरमध्ये अडकते. घरी पट्टी लावून मोजा.

आपल्या हवेचाही विचार करा. मुंबईत वरळीच्या रेंजवर समुद्र जवळ, हात सतत ओलसर. अक्रोडाच्या लाकडावर टोचे मारून खरखरीत केलेला पृष्ठभाग असतो, तो घामासाठीच. लोक तो टोचतो म्हणून पॉलिशपेपरनं गुळगुळीत करतात, वर पॉलिश मारतात, आणि मग हात घसरतो म्हणून जास्त आवळतात. टोचणारी एखादी कड असेल तेवढीच मोडा, खरखर राहू द्या. आणि हात दिवसभर एकसारखा नसतो. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी तो आक्रसलेला असतो, मे महिन्यात दुपारी फुगलेला. तुम्ही एरवी ज्या वेळी सराव करता त्याच वेळी मापं घ्या, आणि सरावाच्या सुरुवातीला नको, वीस-पंचवीस शॉट झाल्यावर घ्या.

हाताचा स्कॅन करून थ्रीडी प्रिंट केलेली ग्रिप घ्यावी का, हेही विचारतात. स्कॅन होल्डच्या स्थितीत केलेला असेल तर जरूर घ्या. पण पहिल्याच वर्षी नको. तुमची उभं राहण्याची पद्धत अजून बदलतेय, त्यात आजचा हात कायमचा साच्यात घालायची घाई कशाला? बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या पालकांना तर मी स्पष्ट सांगते की महागडी ग्रिप आणून कोरून घेऊ नका. हात वर्षभरात वाढेल. लहान साइझ घ्या, क्ले किंवा सहज निघेल असा भराव वापरा, आणि वाचलेल्या पैशाचे छर्रे आणा.

बदल केल्यावर स्कोअर बघू नका. टार्गेट उलटं लावा, कोऱ्या पांढऱ्या कागदावर मारा आणि ग्रुप बघा. ग्रुप लहान झाला पण जागा सरकली, तर रिअर साइटचा स्क्रू दोन क्लिक फिरवला की पुरतं, ग्रिप चांगली झाली असं समजा. ग्रुप जागेवर राहिला पण पसरला, तर बदल काढून टाका. घासलेल्या जागेवर पेन्सिलनं तारीख लिहून ठेवा, नाहीतर महिन्यानं काय कधी केलं ते आठवत नाही. एका बदलाला किमान दोन आठवडे द्या. हाताला नवी जागा सवयीची व्हायला वेळ लागतो, आणि पहिल्या दिवशीचं ‘व्वा!’ बऱ्याचदा नुसत्या नवेपणाचं असतं.

आणि जिल्हा किंवा राज्य स्पर्धा महिन्याभरावर आलेली असेल, तर यातलं काहीच करू नका. कड टोचत असेल तर तेवढी मोडा, स्पर्धा मारून या, मग ग्रिप घेऊन भेटा.